खाऱ्या हवेत 303 स्टेनलेसच्या पिनांना खड्डे पडतात, 304 ला का नाही? गंधकामुळे का?

तुमचा संशय बरोबर आहे. जेट्टीजवळच्या गेटवर 304 च्या पिना जवळपास स्वच्छ राहिल्या आणि 303 च्या टोकांवर तपकिरी डाग, बारीक खड्डे आले, असं तुम्ही लिहिलंय. टेस्ट सर्टिफिकेटमधला गंधकाचा आकडा पुन्हा बघा: 304 मध्ये जास्तीत जास्त 0.03 टक्के चालतो, 303 मध्ये कमीत कमी 0.15 टक्के लागतो. तो मुद्दाम घातलेला असतो. मँगेनीजशी जुळून त्याचे मँगेनीज सल्फाइडचे मऊ कण होतात, त्यामुळे टर्निंगला, म्हणजे लेथवर कापताना, चिप (निघणारी धातूची साल) तुटून पडते. 304 ची लांब, जॉबला (कापायच्या तुकड्याला) गुंडाळणारी चिप ज्याने सोडवली आहे, तो 303 का मागतो हे मला पूर्ण समजतं.

पण खड्डा सुरू होतो तो याच कणांपाशी. बार रोल होताना ते लांबट होतात. पॉलिश केलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला, तर लांबीच्या कापावर करड्या रेघा दिसतात आणि आडव्या कापावर त्याच रेघांची टोकं, नुसते ठिपके. म्हणून तुमच्या पिनांची कापलेली टोकं आधी गेली.

खारं पाणी लागलं की कण विरघळतो, बारीक पोकळी उरते. त्यातून सुटलेलं थायोसल्फेट, हायड्रोजन सल्फाइड तिथेच अडकतं. स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा. एरवी ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा धरतो. उघड्या धातूवर गंधक बसला की ते धरणंच अडतं. मग आत मिठातलं क्लोराइड साठतं, आम्लता वाढते आणि खड्डा खोल जात राहतो.

मात्र गंधकाचं प्रत्येक संयुग घातक नसतं. पाण्यातलं सल्फेट पुरेसं असेल तर उलट क्लोराइडला आवर घालतं. थायोसल्फेटचं तसं नाही. कागद कारखान्यात लगदा उजळायला हायड्रोसल्फाइट वापरतात, डाइंगवाल्यांचं हायड्रोज तेच. त्याचं विघटन होऊन थायोसल्फेट बनतं, आणि नुसत्या तेवढ्या क्लोराइडमध्ये टिकणाऱ्या 304 लाही मग खड्डे पडतात. त्यामुळे पाण्याच्या रिपोर्टमध्ये गंधक कोणत्या रूपात आहे ते जरूर विचारा.

303 च वापरायचं असेल तर साध्या नायट्रिक पॅसिव्हेशनवर (ॲसिडमध्ये बुडवून तो संरक्षक थर नीट बसवण्यावर) विसंबू नका. ॲसिड त्या पोकळ्यांत अडकून नंतर डाग पाडतं. नायट्रिकमध्ये सोडियम डायक्रोमेट हवं, आणि आधी व नंतर गरम कॉस्टिक सोड्याची आंघोळ हवी. डायक्रोमेट विषारी आहे, तेव्हा हे काम त्याची सोय असलेल्या प्लेटिंगवाल्याकडूनच करून घ्या. तरीही समुद्राकाठी मी 303 लावणार नाही. 316L ग्रेडचं स्टेनलेस घ्या: गंधक कमी, वर 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम. मशिनिंगला वेळ जास्त लागेल, तो कोटेशनमध्ये आधीच धरा.