वहीवर लाल पेन कोण चालवणार?

'सदाशिव पेठेतला एक परीक्षार्थी' अशी सही करून 25 वर्षांच्या एका मुलाने लिहिलंय: "ताई, मी राधानगरीकडचा. घरी दोन म्हशी आणि थोडा ऊस. राज्यसेवेचे दोन प्रयत्न वाया गेले. कॉटजवळच्या भिंतीवर टॉपर्सचे फोटो लावलेत, त्यांची भाषणं मला पाठ आहेत. गावाकडच्या एका सत्कारात एका अधिकाऱ्यांनी 'कधीही फोन कर' म्हणून नंबर दिला. आता ते उचलत नाहीत. अभ्यासिकेतले एक दादा दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन आलेत, 'उत्तरं तपासून देतो' म्हणतात. पण जे स्वतः पास झाले नाहीत ते मला काय शिकवणार? ज्याच्या पाठीशी कुणी नाही त्याने काय करायचं?"

अरे, तुझ्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य परत वाच. ज्याला शोधतोयस तो माणूस तुझ्या शेजारच्या टेबलावर बसलाय आणि तू त्याला नापासाचा शिक्का मारून मोकळा झालास.

तुझ्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं बघ. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. त्या दिवसांत त्याने धोनीचं नाव घेतलं: धोनीही कधीकाळी त्याच्यासारखाच रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आणि धोनीसारखं डोकं थंड ठेवायचं. बातम्यांना तेवढं पुरलं. पण स्वप्नीलची रायफल खांद्याला कशी टेकते हे काही धोनी बघत नव्हता. ते काम त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडेंचं. त्या स्वतः 2004 साली अथेन्स ऑलिंपिक खेळल्या होत्या, पदक मिळालं नव्हतं. 'मग या मला काय शिकवणार?' असं स्वप्नील म्हणाला नाही. त्या दुसऱ्या आईसारख्या आहेत म्हणाला.

आचरेकर सर तर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. सचिन घडवायला तेवढं पुरलं, कारण शिवाजी पार्कवर भर उन्हात उभं राहून त्या पोराच्या चुका ते रोज बघत होते. भिंतीवरच्या फोटोचं हेच अवघड आहे. तू त्याच्याकडे बघतोस, तो तुझ्याकडे बघत नाही. (एकलव्याची गोष्ट मला लहानपणापासून खटकते ती यामुळेच. मातीच्या पुतळ्याने एकदाही 'कोपर वर घे' म्हटलं नसेल, आणि अंगठा मात्र गेला.)

माझं सांगते. पहिल्या नोकरीत एक उपसंपादक होते. माझ्या बातमीतलं 'कार्यक्रम संपन्न झाला' खोडून नुसतं 'झाला' करायचे. आठ महिने रोज. मला राग यायचा, कारण त्यांच्या स्वतःच्या नावाने कधी ओळ छापून आलेली मी पाहिली नव्हती. आज हे लिहितानाही 'संपन्न' टाइप करताना बोट अडखळलं.

आता तुझ्या परीक्षेचं. 2025 पासून राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झालीय, नऊ पेपर. पर्यायांचे गोळे रंगवायचे असताना उत्तरतालिकेवरून आपलं आपण तपासता यायचं. लिहिलेलं उत्तर कुठे फसलं ते आपल्याला दिसत नाही. आपल्याला आपलं अक्षरही छानच वाटतं. दुसऱ्याचे डोळे लागतात. दादा नोकरीला लागले नसतील, पण कुठे मार्क गळतात ते त्यांना स्वतःच्या अंगावरून माहीत आहे. टॉपरला बहुतेक वेळा काय बरोबर झालं तेवढंच सांगता येतं.

'पर्सनल मेंटॉरशिप'च्या नावाने कुणी फी मागितली, तर आधी एवढंच विचार: माझी वही कोण वाचणार आणि किती दिवसांत परत मिळणार?

त्या अधिकाऱ्यांवर रुसू नकोस. गळ्यात हार असताना माणूस नंबर वाटतोच. फोन करणं बंद कर; महिन्या-दोन महिन्यांनी एक मेसेज टाक, त्यात दोन ओळींत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न. आलं तर आलं.

आणि 'पाठीशी कुणी नाही' हे मात्र मला पटलं नाही. 1952 साली पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडत होते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. डाव काही त्यांनी शिकवले नव्हते. तुझ्या मेसचे पैसे कुणाच्या दुधाचे, हे पत्रात तूच लिहिलंयस.

आज रात्री मेसवरून आलास की एक उत्तर लिही, घड्याळ लावून. उद्या सकाळी दादांपुढे ठेव आणि ते खोडत असताना मध्ये बोलू नकोस. चहाचे पैसे तू दे.