पहिल्या सायकोसिसनंतर (भास, खोटे संशय, खरं काय ते न कळणं) भाऊ फार कोरडा वागतो, समोरच्याचं मन त्याला कळतच नाही. मेंदूत नेमकं काय होतं आणि हे सुधारतं का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ २२ वर्षांचा आहे, गोळ्या सुरू झाल्यावर कानात येणारे आवाज थांबले, पण आई समोर रडत असली तरी हा मोबाईल बघत बसतो आणि घरचे म्हणतात "निर्दयी झालाय". त्या एका शब्दापायी लिहायला बसले. आमच्याकडे तो शब्द "माजलाय" असा होता, आणि तो माझ्या काकांचा.

झाली आता आठ-नऊ वर्षं. काकांकडे गिरगावात गणपती असतो, आम्ही भांडुपहून जातो. माझा धाकटा भाऊ तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, दोन महिने कॉलेजचं तोंड बघितलं नव्हतं, रात्रभर जागा, आंघोळीचा पत्ता नाही, आणि आम्ही सगळे हुशार लोक समजत होतो की केटी लागलीय म्हणून तोंड लपवतोय. पोचलो तोवर आरती आटपलेली. काका दारातच म्हणाले, "या या साहेब, आज कशी काय वाट वाकडी केलीत?" आणि धाकट्याने चेहऱ्यावरची रेघही न हलवता उत्तर दिलं, "वाकडी नाही केली, चर्नी रोडला उतरून सरळच आलो."

सगळी खोली हसली. मी पण हसले, खोटं कशाला बोलू. काकांना मात्र वाटलं पोरगं उलट उत्तर देतंय.

हा जेवायला बसला, पानात मोदक, काकूने नुकतंच तूप सोडलेलं, आणि हा एकेकाच्या तोंडाकडे बघत बसला. अगदी रांगेने, मोजल्यासारखा. मग उठला आणि गेला, चपला तिथेच. रात्री साडेदहाला चर्नी रोडच्या प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर सापडला, पाय काळे झालेले. म्हणाला, "ताई, सगळे ठरवून हसले. आणि काकू सगळ्यात जास्त चिडलेली होती." काकू बिचारी मोदक पुरतील की नाही ते मनात मोजत होती हो! बाकी काही नाही.

गंमत बघा, लोक हसले होते हे खरंच होतं. तेवढा काही त्याचा भास नव्हता. प्रेमाचं हसणं कुठलं आणि खिल्लीचं कुठलं, हे त्याला वेगळं करता येत नव्हतं.

आता मेंदूचं. अमिग्डला म्हणून बदामाएवढा भाग असतो, समोरच्या चेहऱ्यात धोका आहे का ते तो झटकन ठरवायला मदत करतो. आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधायला कपाळामागचा मधला भाग आणि कानाच्या वर मागच्या बाजूला टेम्पोरोपरायटल जंक्शन, हे मिळून काम करतात. सायकोसिसमध्ये या सगळ्या कामात घोळ होतो, आणि बऱ्याच जणांत तो पहिल्या एपिसोडच्या आधीपासूनच थोडाफार असतो. घाबरलेला किंवा रागावलेला चेहरा ओळखायला चुकतात आणि साध्या कोऱ्या चेहऱ्यात राग दिसतो. म्हणजे आमची काकू. त्यात डोपामाईनचा, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचा, गोंधळ. मानसोपचारतज्ज्ञ शितीज कपूर यांनी २००३ साली मांडलं होतं की डोपामाईन नको तिथे सुटलं की बिनमहत्त्वाच्या गोष्टीही "हे माझ्यासाठीच आहे" अशा वाटायला लागतात. गोळी या डोपामाईनवर काम करते. म्हणून आवाज जातात, संशय कमी होतो, पण टोमणा कळायला लागत नाही. त्यावर गोळीचा फारसा उपयोग होत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही आणि आम्ही वर्षभर डोस वाढवून मागत बसलो.

१९९५ पासून यासाठी एक टेस्ट वापरतात. छोटा प्रसंग वाचून दाखवतात, त्यातला माणूस आडून काहीतरी सुचवतो, आणि विचारतात की त्याला खरं काय म्हणायचं होतं. मला तर वाटतं आपल्या घरांत ही परीक्षा दिवसभर चालूच असते, लेकी बोले सुने लागे हीच आपली पद्धत, सरळ बोललं की तोच उद्धट.

सुधारतं का? सुधारतं, पण सरावाने आणि हळू. आमच्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी टीव्ही म्यूट करून चेहरे ओळखायला लावलं. आधी मराठी सिरियल लावल्या, पण ते लोक एकच भाव तीनदा झूम करून दाखवतात, ते तर कुणालाही कळेल, मग बातम्यांवरच्या चर्चा लावल्या. चेहरा ओळखायचा, मग त्या चेहऱ्याची तीन कारणं सांगायची, आणि तिन्हीत स्वतः नसायचं. तिसरं कारण यायला त्याला सहा महिने लागले. आज नोकरी करतो, आणि न कळलं तर सरळ विचारतो, "आई, तू चिडलीस की दमलीस?"

तुम्ही एवढंच करा, घरात टोमणे बंद. रडू येतंय तर "मला रडू येतंय, जवळ बस" असं तोंडाने सांगा. तो बसेल. माझा बसतो. आणि "लग्न करून द्या, सुधारेल" म्हणणारा प्रत्येक घरात एक असतो, आमच्याकडे तेही काकाच, त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता राहिलेलं सांगते, मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. कोरडेपणा आजाराच्या निगेटिव्ह लक्षणांचा (भावना, उत्साह, बोलणं कमी होणं) असू शकतो, डिप्रेशनचा असू शकतो, गोळीने सुस्ती येऊनही होतो, त्यामुळे डॉक्टरांना नीट विचारा, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. जिवाचं काही बोलला तर थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात.

काका अजून म्हणतात की तो त्या दिवशी मुद्दाम बोलला. त्यांना हे वाचायचं नाहीये. काकूला लिंक पाठवतेय.