मळ निघतोय की कातडी? वाचकांचे प्रश्न

दिवाळी झाली की आमच्याकडे दोन प्रकारची पत्रं येतात. एक, फराळ खाऊन वजन वाढलं आता काय करू, आणि दुसरी, नरकचतुर्दशीला उटणं लावलं अंग कसं मऊ झालं, मग हे रोजच का करू नये? वजनाचं पुढच्या अंकात बघू, यावेळी फक्त अंग घासण्याबद्दल. आधीच सांगते, मी त्वचेची डॉक्टर नाही, औषधांच्या दुकानात काउंटरमागे बरीच वर्षं काढलेली फार्मासिस्ट आहे, त्यामुळे लोक अंगाला काय काय फासतात आणि मग आठ दिवसांनी कुठलं मलम मागायला येतात हे दोन्ही बघितलंय.

प्रश्न: ताई, मी फोंड्याला कॉलेजात आहे. रीलमध्ये कोरियन बायका हिरवा हातमोजा घालून अंग घासतात आणि शेवयांसारखा मळ निघतो, ते बघून मी पण नायलॉनच्या जाळीने रोज घासायला लागले, वर्ष झालं असेल. पण पाठ आणि दंड उजळायच्या ऐवजी काळपट झालेत, पाठीवर तर ओहोटीच्या वाळूत उठतात तशा रेघा दिसतात. अजून जोरात घासू का दुसरा स्क्रब घेऊ?

उत्तर: अगं थांब! पहिली ती जाळी न्हाणीतून बाहेर काढ, मग पुढचं वाच.

तू जो काळपटपणा घासून काढतेयस तो बहुतेक घासण्यानेच आलाय. जपानमध्ये नायलॉनच्या टॉवेलने अंग घासणाऱ्यांच्या अंगावर असे डाग डॉक्टरांना दिसले होते, आणि ते नेमके कुठे, तर जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं तिथे, म्हणजे गळ्याजवळचं हाड, पाठीचा कणा, खांद्याचं पातं. आपल्याकडेही हे खूप दिसतं. कातडी सारखी घासली गेली की ती स्वतःला वाचवायला जास्त रंग तयार करते, आपण म्हणतो अजून मळ आहे, अजून घासतो, ती अजून काळी होते. आणि तू म्हणतेस तशा वाळूतल्या रेघा असतील, खाज पण येत असेल, तर कधीकधी कातडीच्या आत अमायलॉइड नावाचं प्रोटीन साचलेलं असतं, ते कुठल्याच स्क्रबने निघत नाही. म्हणून एकदा स्किनच्या डॉक्टरला दाखव. नुसतं घासण्याने आलेलं असेल तर घासणं बंद केल्यावर काही महिन्यांत फिकट होतं, सगळं जाईलच असं मात्र मी सांगणार नाही.

आता त्या शेवया. त्या हातमोज्याला तिकडे इटली टॉवेल म्हणतात, कारण सुरुवातीला ते व्हिस्कोसचं कापड इटलीहून यायचं. पण रीलमध्ये हे कोणी दाखवत नाही की त्या बायका आधी गरम पाण्यात चांगल्या भिजून बसतात, वरचा थर फुगून सैल होतो आणि मग घासतात, आपल्यासारखं कॉलेजची बस गाठायच्या आधी पाच मिनिटांत कोरड्यावर नाही. निघतं त्यात मेलेली कातडी, तेल, घाम सगळं मिसळलेलं असतं. आणि बेसन किंवा ते पीलिंग जेल वापरून ज्या वळ्या निघतात त्यातल्या तर बऱ्याचशा बेसनाच्या आणि जेलच्याच असतात, खोटं वाटत असेल तर भिजवलेलं बेसन स्टीलच्या ताटाला लाव, अर्धवट सुकू दे आणि चोळ. ताटाचा पण मळ निघेल 😄

मेलेल्या कातडीचा तो थर म्हणजे काही कचरा नाही गं. साधारण पंधरा-वीस पदर असतात पण सगळे मिळून वहीच्या कागदाहून पातळ, आणि आतला ओलावा आत नि बाहेरची घाण बाहेर ठेवायचं काम तोच करतो. आपल्या घरांवरच्या कौलांसारखं समज, कौलं जुनी झाली म्हणून रोज चार-चार उतरवली तर जूनमध्ये काय होईल? तरुण वयात आत तयार झालेली पेशी वर येऊन आपोआप गळून पडायला साधारण महिनाभर लागतो, वय वाढेल तसा जास्त वेळ लागतो. म्हणजे ती आपणहून जाणारच असते, आपण फक्त थोडी मदत करायची.

तर आता महिनाभर काहीच घासू नकोस, हाताने साबण लाव, टॉवेलने टिपून घे आणि अंग दमट असतानाच मॉइश्चरायझर लाव. नंतर वाटलंच तर आठवड्यातून एकदा, जुना मऊ सुती पंचा ओला करून हलक्या हाताने, बस्स. आणि गोरं व्हायचं डोक्यातून काढ, स्क्रबने कातडी गुळगुळीत होते, जात्याच असलेला रंग बदलत नाही.

प्रश्न: माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, मान काळी पडलीय. शाळेत मुलं चिडवतात की आंघोळ करत नाहीस का. मी लिंबू-साखर लावून, बेसन लावून रोज घासते, ती रडते पण मान काही साफ होत नाही. उपाय सांगा. (डिचोलीहून एक आई)

उत्तर: ताई, तुमचं चुकतंय असं म्हणवत नाही कारण आपल्या सगळ्यांच्या आयांनी हेच केलंय, पण पोरीची मान घासणं आजपासून बंद करा.

मानेवरची कातडी हाताला जाडसर, मखमलीसारखी लागते का, काखेत पण तसंच आहे का बघा. असेल तर तो मळ नसून अ‍ॅकँथोसिस नायग्रिकन्स असण्याची शक्यता मोठी आहे. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही तेव्हा रक्तात इन्सुलिन वाढतं आणि मानेची, काखेची कातडी जाड नि काळी होते. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये हे बरंच दिसतं. म्हणजे खूण मानेवर आहे पण कारण आत आहे, बाहेरून कितीही घासा. मुलांच्या डॉक्टरांकडे न्या, वजन, साखर तपासतील, काय ते सांगतील. घाबरायचं नाही पण टाळायचं पण नाही.

एक गोष्ट घरी करून बघता येईल. मानेवर आत्ता ओरखडे असतील तर ते आधी बरे होऊ द्या, मग कापसावर थोडं सर्जिकल स्पिरिट घेऊन हलकं पुसा. साबणाने न निघणारा चिकट थर कधीकधी स्पिरिटने चटकन निघतो, तसं झालं तर प्रश्न तिथेच संपला. नाही निघालं तर दुसऱ्यांदा करू नका, डॉक्टरांकडे जा.

आणि लिंबू कृपा करून नको. लिंबाचा रस अंगावर राहिला आणि वर ऊन लागलं की कातडी भाजते, फोड येतात नि नंतर काळे डाग आठवडेच्या आठवडे राहतात, लिंबातलं एक रसायन उन्हात पेटल्यासारखं काम करतं. गोव्याचं ऊन काय सांगायला नको. अंगणात बसून लोणच्यासाठी लिंबं पिळणाऱ्या बाईच्या हातावर पण हे होऊ शकतं.

शाळेत चिडवणाऱ्यांचं टीचरना सांगा, ते पण औषधच आहे.

प्रश्न: घरचं उटणं रोज लावलं तर चालेल का? आमच्याकडे मसूर डाळ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा घालून करतात. (पेडणे)

उत्तर: रोज नको, आठवड्यातून एकदा. पण आपल्या अभ्यंगस्नानाची पद्धत बघा किती शहाणी आहे, आधी खोबरेल तेल, ते मुरेपर्यंत थांबायचं (पहाटेपर्यंत नरकासुराच्या पुतळ्यामागे फिरून आलेली पोरं तेल लावून तिथेच पेंगतात ते वेगळं), मग वर उटणं. तेल असल्यामुळे डाळीचे कण घसरतात, ओरखडत नाहीत. ओरखडे येतात ते कोरडं उटणं घासल्याने आणि मिक्सरमध्ये जाडंभरडं काढल्याने, म्हणून मलमलच्या कापडातून गाळून घ्या. दह्यात कालवलंत तर उत्तम, दह्यात लॅक्टिक अ‍ॅसिड असतं, तेही मेलेली कातडी सैल करायचं काम थोडंफार करतं. अंगावर सुकून तडकेपर्यंत ठेवायचं नाही. आणि न्हाणीतली फरशी तेलाने निसरडी होते, कारीट फोडायला गेलेला माणूस स्वतःच आडवा व्हायचा, तेव्हा जपून.

बाजारातला स्क्रब घ्यायचाच असेल तर डब्यावर पॉलिएथिलीन लिहिलंय का वाचा, ते प्लास्टिकचे कण, मोरीतून थेट नदीत नि समुद्रात. अमेरिकेने 2015 साली कायदा करून धुऊन टाकायच्या अशा प्रॉडक्टमधले हे कण बंद करायचं ठरवलं. बांगडे आपल्यालाच खायचेत ना शेवटी.

प्रश्न: दंडांवर बारीक काटे आल्यासारखे टणक दाणे आहेत, घासले की लाल होतात आणि परत येतात. वॅक्सिंगच्या दिवशी स्क्रब करावा का?

उत्तर: केराटोसिस पिलॅरिस असणार, केसाच्या भोकात केराटिनचं, म्हणजे कातडीतल्याच कडक प्रोटीनचं, बूच बसतं. खूप जणांना असतं, निरुपद्रवी आहे, घासून उलट चिडतं. दहा टक्के युरियाचं क्रीम किंवा लॅक्टिक अ‍ॅसिडचं लोशन रोज लावा, धीर धरा, आणि लॅक्टिक अ‍ॅसिड लावत असाल तर बाहेर पडताना सनस्क्रीन. वॅक्सिंगच्या दिवशी काहीच नको, हलका स्क्रब आदल्या दिवशी.

प्रश्न: वय 68, मधुमेह आहे. टाचांना भेगा. कडक कातडी मी ब्लेडने काढतो, बायको ओरडते. कोण बरोबर?

उत्तर: काका, काकी बरोबर! मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, ब्लेड लागलेलं कळत नाही, गरम पाणी चटका देतंय हे पण कळत नाही आणि जखम भरायला वेळ लागतो. त्यामुळे ब्लेड नको, वजरी नको, गरम पाण्यात पाय बुडवून बसणं पण नको. रात्री पाय धुऊन कोरडे करा, टाचांना भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) लावा, वर सुती मोजे घाला. भिरंडेल थंडीत दगडासारखं घट्ट होतं, चमच्यात किंचित गरम करून पातळ करा आणि कोमट झाल्यावरच लावा, ते पण काकींच्या हाताला कोमट लागलं पाहिजे, तुमच्या पायाला नाही. बोटांच्या बेचक्यात लावू नका, तिथे ओल राहून बुरशी येते. भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल तर घरगुती काही नको, सरळ डॉक्टर.

ज्यांना साखर नाही त्यांनी दहा मिनिटं कोमट पाणी, हलकी वजरी आणि मग भिरंडेल, खुशाल.

प्रश्न: गेल्या सीझनला घरी काजू फोडले आणि हाताची सालं निघाली. अशी मेलेली कातडी स्क्रबने काढावी का? (सत्तरी)

उत्तर: मुळीच नाही. काजूच्या टरफलातल्या तेलाने हात भाजलाय तो, ती साल म्हणजे जखमेवरचं झाकण आहे, ओढायचं नाही, आपोआप पडू दे. नुसतं पेट्रोलियम जेली लावा. पुढच्या सीझनला हातमोजे घाला, आणि त्या हाताने डोळे चोळू नका.

प्रश्न: घोसाळ्याचा काथ्या वापरतो, एक कितीजणांनी वापरावा? आणि नारळाचं सोडण चालतं का?

उत्तर: एक काथ्या एकाच माणसाचा, घरात कोणाला गजकर्ण असेल तर दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. वापरून झाला की न्हाणीत लोंबकळत न ठेवता उन्हात टाका, आणि पावसाळ्यात चार महिने तो सुकतच नाही, तेव्हा सरळ बंद ठेवा. नारळाचं सोडण चालतं, भांड्यांना.