लहानपणी आवडलेला 'लेडी अँड द ट्रॅम्प' आता मुलाबरोबर पुन्हा पाहावा का?

तुम्ही लिहिलंय की हा कुत्र्यांचा कार्टून सिनेमा तुम्ही शाळेत असताना पाहिला होता, आता मुलाला दाखवायचाय, पण तो बाळबोध वाटला तर जुनी आठवणही जाईल अशी भीती वाटते. जरूर पाहा. मी मागच्या पावसाळ्यात आठ वर्षांच्या लेकीबरोबर पाहिला. लहानपणापेक्षा जास्त आवडला, आणि मनाला लागलासुद्धा.

माझ्या आठवणीत फक्त ती स्पॅगेटी उरली होती. लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीत भाड्याने व्हीसीआर आणायचे. रात्री मोठ्यांचे हिंदी सिनेमे, दुपारी आम्हा पोरांसाठी एखादं कार्टून. लेडी आणि भटका ट्रॅम्प ही दोन कुत्री एकाच ताटात स्पॅगेटी खाताना आम्हाला ती शेवयांची खीर वाटली होती, कारण स्पॅगेटी कुणी पाहिलीच नव्हती. हा प्रसंग वॉल्ट डिस्नेंना आधी नकोच होता. फ्रँक थॉमस या चित्रकाराने तो स्वतःहून काढून दाखवला आणि मग तो राहिला.

पण सिनेमाचा जीव तिथे नाही, हे मला आत्ता कळलं. हा सिनेमा घरात बाळ येतं तेव्हा घरातल्या कुत्रीचं काय होतं, याचा आहे. मूळही तिथेच आहे. डिस्नेच्या स्टुडिओतल्या जो ग्रँट यांच्या घरी लेडी नावाची स्पॅनियल होती. घरात बाळ आल्यावर ती कशी मागे पडली हे पाहून त्यांनी 1937 च्या सुमारास या गोष्टीची चित्रं काढायला घेतली. सिनेमा आला तो 1955 मध्ये. सुरुवातीला टोपीच्या खोक्यातून पिल्लू बाहेर येतं, तेही खरं घडलेलं: वॉल्ट डिस्नेंनी बायकोला असंच खोक्यात घालून पिल्लू दिलं होतं.

एक गंमत बघा. लेडीच्या मालकांची नावं आपल्याला शेवटपर्यंत 'जिम डिअर' आणि 'डार्लिंग' एवढीच कळतात, कारण ते एकमेकांना अशीच हाक मारतात आणि लेडीच्या कानावर तेवढंच पडतं. आपल्याकडची कुत्री बोलायला लागली तर मालकांची नावं 'अहो' आणि 'अगं' अशीच सांगेल ना! लहानपणी हे मला अजिबात कळलं नव्हतं.

दुसरी गोष्ट उंचीची. सिनेमाचा बराचसा भाग कुत्र्याच्या नजरेच्या पातळीवरून काढलाय. माणसांचे चेहरे फार कमी दिसतात, दिसतात ते बूट, झग्याची किनार, वरून खाली येणारा हात. क्लॉड कोट्स या कलाकाराने त्या घराची छोटी प्रतिकृती बनवली आणि खालून फोटो घेऊन खोल्या कशा दिसतील ते ठरवलं. त्यामुळे जिना डोंगरासारखा वाटतो आणि बाळाच्या खोलीचं दार फार लांब.

आता माझं सांगते. आमची कुत्री राणी 2012 मध्ये परळला पावसात एका गाडीखाली भिजत बसलेली सापडली. साधी गावठी, पिवळट रंगाची, एका कानाला नसबंदीची खाच. चार वर्षं ती आमची लेकच होती. 2016 मध्ये मी बाळंतपणाला डोंबिवलीला माहेरी गेले आणि तीन महिन्यांनी बाळाला घेऊन परत आले. सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. लिफ्टचं दार उघडताच राणी सुटली. मागचं सगळं अंग हलवत आली आणि तिने थेट दुपट्यात नाक घातलं. ताटली पडली, बाळ दचकून रडलं आणि सगळ्यांच्या आधी मीच ओरडले, 'बांधा तिला!'

त्यानंतर आठ महिने ती गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी होती. जेवण वेळेवर मिळत होतं, फिरायलाही नेत होतो. पण आतली लादी तिला बंद झाली. गॅलरीच्या दारावर खालच्या बाजूला तिच्या नखांचे ओरखडे आहेत. दोनदा रंग दिला, तरी बोट फिरवलं की लागतात.

सिनेमात डार्लिंग विणत बसलेली असते, लेडी लोकरीशी खेळायला जाते आणि तिला हलकीशी चापट बसते. शरीराला काही लागत नाही. पण लेडीचा चेहरा पडतो, तो इतका ओळखीचा होता की मला सिनेमा थांबवून पाणी प्यावं लागलं. त्या घरातली माणसं मात्र आमच्यापेक्षा शहाणी. बाळ आल्यावर ते लेडीला पाळण्यापाशी येऊ देतात, तिला बाळ बघू देतात. हे मला परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सुचलं. लसी आणि जंताचं औषध वेळेवर असेल तर तुमच्यासमोर हुंगू द्या, फक्त दोघांना एकटं सोडू नका, एवढंच ते म्हणाले. त्या संध्याकाळी राणी आत आली, पाळण्याच्या दांडीशी अंग टेकून झोपली आणि परत गॅलरीत गेली नाही.

मुलाला दाखवण्याआधी तीन-चार गोष्टी सांगते. पट्टा-बिल्ला नसलेली कुत्री जिथे कोंडतात तो प्रसंग जड आहे. एका कुत्र्याला दारापलीकडे नेतात आणि बाकीची गप्प होतात. लेकीने विचारलं, 'त्याला कुठे नेलं?' मी खरं सांगितलं. आमच्या लहानपणी कुत्री धरून नेणारी गाडी आली की चाळीतली पोरं आपापल्या लाडक्या कुत्र्याला जिन्याखाली लपवायची. 2001 मध्ये देशभर नियम झाले: नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि कुत्रा उचलला तिथेच परत सोडायचा. राणीच्या कानाची खाच ही त्याचीच खूण, हे लेकीला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. तिने उठून तो कान नीट पाहिला.

दोन सयामी मांजरींचं गाणं आज बघवत नाही. चाल सुरेख, गायलंय पेगी ली यांनी, पण आशियातल्या माणसांच्या बोलण्याची आणि डोळ्यांची ती थट्टा आहे. 2019 च्या नव्या आवृत्तीत ते गाणं काढलं. मी ते गाणं पळवत नाही, बघू देते आणि मग लेकीशी त्यावर बोलते. शेवटी बाळाच्या खोलीत शिरणारा उंदीरही भीतीदायक आहे, पाच वर्षांखालच्या मुलाला जवळ घेऊन बसा.

आणि कृपा करून मोबाईलवर बघू नका. सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यासाठी बनवलेला हा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. चाळीतल्या चौकोनी टीव्हीवर हा पसारा मला कळलाच नव्हता. घरात असेल तेवढ्या मोठ्या टीव्हीवर लावा, आणि सोफ्यावर नको, सतरंजी टाकून खाली बसा. लेक राणीशेजारी पालथी पडून बघत होती. मधेच माझ्याकडे वळून म्हणाली, 'आई, इथून तुझे गुडघेच दिसतात.'

सगळा मिळून सव्वा तासाचा सिनेमा आहे, शाळेच्या दिवशीही जमतो. शेवटी वास घेण्याची शक्ती गेलेला म्हातारा कुत्रा ट्रस्टी कुत्री धरून नेणाऱ्या गाडीमागे धावतो आणि चाकाखाली सापडतो. तिथे माझ्या लेकीने राणीचा पंजा घट्ट धरला होता, कारण राणीलाही आता ऐकू येत नाही. तुमचा मुलगा हळवा असेल तर तेवढ्यापुरतं त्याच्या कानात सांगून टाका की ट्रस्टी जगतो, पुढच्या प्रसंगात पायाला प्लास्टर घालून येतो.