रात्री दोन वाजता कोण ऐकतं?

आत्महत्येच्या विचारांविषयी आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. ओळख पटेल असा मजकूर काढला आहे. वाचताना जीव घाबरा झाला तर पुढचं नंतर वाचा, आधी 14416 लावा. टेली-मानसची ही सरकारी सेवा दिवसरात्र चालू असते, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं.

प्रश्न : मुलगी नीटच्या दुसऱ्या प्रयत्नाची तयारी करतेय. तिच्या मोबाइलमध्ये अनोळखी लोकांचा एक ग्रुप सापडला. तिथे तिनं लिहिलंय, ‘सकाळी जागच येऊ नये असं वाटतं.’ हे म्हणतात, मोबाइल काढून घे, गरजेल तो पडेल काय! मी विचारलं तर नसतं तिच्या डोक्यात भरेल का? – एक आई, लातूर

ताई, ती म्हण इथे साफ चुकीची आहे. आत्महत्येनं गेलेल्या अनेकांनी आधी कुठे ना कुठे बोलून दाखवलेलं असतं. घरच्यांना ते लटकं वाटलेलं असतं, इतकंच.

विचारल्यानं विचार पेरला जात नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. बहुतेकांना उलट हायसं वाटतं. मात्र ‘वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘नाही गं’ हे ठरलेलंच असतं. दोघीच असाल तेव्हा, भाजी निवडताना म्हणा हवं तर, सरळ विचारा : ‘जगणं नकोसं होतं का? मरून जावं असं मनात येतं का?’ आणि मोबाइल पाहिल्याचं आधीच कबूल करा. चोरून वाचलेलं मागाहून कळलं, की ती पुन्हा तोंड उघडणार नाही.

ती ‘हो’ म्हणाली तर पहिली पाच मिनिटं काही समजावू नका. ‘आम्ही काय कमी केलं तुला?’ हे तर नकोच. पुढचा प्रश्न एवढाच : कधी, कसं, काही ठरवलंयस का? ठरवलं असेल तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. घरातली औषधं आणि इजा करता येईल असं जे काही असेल ते कुलपात ठेवा. ठरवलेलं नसलं, तरी या आठवड्यातच दाखवून या.

मोबाइलचं म्हणाल, तर तो आज काढून घेऊ नका. घरात तिला ‘अभद्र बोलू नये’ ऐकू येतं आणि तिथे कुणीतरी ‘हो, मलाही तसंच होतं’ म्हणतं. तेवढ्यासाठी ती तिथे गेली आहे. ते दार धाडकन बंद केलंत, तर ती दुसरं शोधेल, तुम्हाला न दिसणारं. त्यापेक्षा विचारा, ‘तिथे तुझं कोण ऐकतं? काय म्हणतात ते?’

प्रश्न : मी 23 वर्षांचा. अशाच एका इंग्रजी ग्रुपमुळे दोन वर्षं तगलो. हल्ली मात्र तिथून बाहेर पडलो की जास्तच जड वाटतं. सोडून देऊ का? – पुण्याहून

तगलास हे खरं आणि जड वाटतं हेही खरं. ज्या ग्रुपमध्ये मरण्याच्या पद्धतींवर बोलायला सक्त मनाई असते, नियम मोडला तर लगेच पोस्ट काढणारे जागे लोक असतात आणि कुणी ‘आज डॉक्टरकडे गेलो’ लिहिलं की बाकीचे खूश होतात, तिथे थांबायला हरकत नाही. पण पद्धतींची देवाणघेवाण चालत असेल, बरं होऊ पाहणाऱ्याची टिंगल होत असेल, ‘घरी सांगू नकोस, त्यांना कळणार नाही’ असा सल्ला मिळत असेल, तर आजच बाहेर पड. निरोप देत बसू नकोस.

तिसरा प्रकार फसवा असतो. त्यात वाईट कुणीच नसतं, पण रात्रभर नुसतं दुःखावर दुःख समोर येत राहतं. ब्रिटनमध्ये मॉली रसेल ही 14 वर्षांची मुलगी 2017 मध्ये गेली. समाजमाध्यमं तिला स्वतःला इजा करण्याविषयीचा, निराशेचा मजकूर ती शोधत नसतानाही पुरवत राहिली होती. तिच्या मृत्यूला त्या मजकुराचा हातभार लागला, असा निष्कर्ष 2022 मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्यानं नोंदवला. तो मजकूर टाकणाऱ्यांपैकी कितीजण स्वतःच दुखावलेले असतील, कोण जाणे.

तेव्हा आठवडाभर एवढंच लिहून ठेव : आत जाताना मन कसं होतं, बाहेर पडताना कसं. सात दिवसांत तुझं उत्तर तुला मिळेल. आणि जिचा चेहरा तुला माहीत आहे अशा एका तरी व्यक्तीला हे सांग. रूममेट, मावशी, कॉलेजमधले सर, कुणीही. ग्रुपमधला मित्र कितीही जिवाभावाचा असला, तरी रात्री तुझ्या खोलीचं दार वाजवू शकत नाही.

प्रश्न : एमपीएससीच्या मुलांचा टेलिग्राम ग्रुप चालवतो. निकालाच्या रात्री एकानं ‘सगळ्यांना शेवटचा राम राम’ टाकलं. मी घाबरून पोस्ट उडवली आणि त्याला ग्रुपमधून काढलं. सकाळी तो ठीक होता. पण मी बरोबर केलं का?

पोस्ट उडवली हे ठीक. त्याला काढलं ते नाही. त्या क्षणी त्याचा बाहेरच्या जगाशी जोडलेला तोच एक धागा असू शकतो. पुन्हा असं झालं तर आधी त्याला फोन करा. उचलला नाही तर त्याचा रूममेट, मेस, अभ्यासिका, जो कुणी जवळ असेल त्याला गाठा. कुणीच पोचत नसेल तर 112. पोलीस म्हटलं की हात अडखळतो, माहीत आहे. तरी लावा. बोलणं झालं तर ‘मरायचा विचार आहे का?’ असं थेट विचारा आणि कुणी पोचेपर्यंत फोन ठेवू नका. स्क्रीनशॉट फिरवू नका. आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीही कुणाशी तरी बोला. ग्रुप चालवणाऱ्यानं एकट्यानं हे झेलायचं नसतं.

प्रश्न : भावानं प्रयत्न केला होता, वाचला. आता त्याच्यावर केस होईल का?

यातून वाचलेल्या माणसाला शिक्षा करणारं जुनं 309 कलम 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा 226 व्या कलमाखाली गुन्हा आहे. मानसिक आरोग्य कायदा 2017 चं 115 वं कलम तर अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असंच धरून चालतं आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतं. पोलीस जबाब घ्यायला आले, तर घाबरून खोटं सांगू नका.

प्रश्न : ऑनलाइन ओळख झालेली मैत्रीण हॉस्पिटलमधून घरी आली. तिला काय लिहू तेच सुचत नाही. काही चुकीचं लिहिलं तर?

जेरोम मोटो नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं 1969 पासून सॅन फ्रान्सिस्कोत एक साधी गोष्ट केली. रुग्णालयातून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या 843 जणांपैकी निम्म्यांना तो आणि त्याचे सहकारी अधूनमधून छोटं पत्र पाठवत. तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर लिहा, एवढंच. ना उपदेश, ना मागणी. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या.

मग तुम्हीही तेवढंच लिहा. ‘तुझी आठवण आली. इकडे आज पाऊस. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.’ आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा.