डुगाँग आणि हिरवी मुनिया, दोघांना धोका सारखाच का?

प्रश्न: मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये डुगाँग आणि हिरवी मुनिया, दोघांपुढेही ‘व्हल्नरेबल’ (नामशेष होण्याचा धोका असलेले) लिहिलंय. एवढा मोठा समुद्रातला प्राणी आणि चिमणीहून लहान पाखरू, मग धोका सारखाच का? आणि डुगाँग म्हणजे देवमाशातलाच ना? (एक आई, दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर: ताई, आधी देवमाशाचं सांगते. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये ब्लू व्हेलचा सांगाडा मुलीने बघितला असेलच, तो पण सस्तन प्राणी, डुगाँग पण सस्तन, पण नातं तिथेच संपतं. डुगाँगचा गण सायरेनिया, आणि आज जिवंत असलेल्यांत त्याच गणातले पाण्यात राहणारे मॅनाटी सोडले तर त्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे हत्ती! मुनिया पक्षी वर्गातली, पॅसेरिफॉर्मिस गणातली, गाणाऱ्या पाखरांच्या एस्ट्रिल्डिडे कुळातली.

आता व्हल्नरेबलचं. निसर्ग जपणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेची ही कॅटेगरी धोका किती ते सांगते, कशामुळे ते सांगत नाही, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. डुगाँग समुद्रतळावरचं गवत खातो, आपल्याकडे कच्छच्या आखातात, तमिळनाडूच्या बाजूला आणि अंदमानात आहे, मादीला साधारण 3 ते 7 वर्षांतून एकदा एकच पिल्लू होतं, त्यामुळे जाळ्यात अडकून थोडे जरी मेले तरी भरून यायला फार वेळ लागतो. त्याचीच नातेवाईक स्टेलरची समुद्रगाय 1741 मध्ये सापडली आणि 1768 पर्यंत शिकारीने संपली सुद्धा, म्हणून मला याची जास्तच काळजी वाटते. आणि सगळीकडे स्थिती एकच नाही, 2022 मध्ये पूर्व आफ्रिकेचे डुगाँग ‘क्रिटिकली एंडेंजर्ड’, म्हणजे नामशेष होण्याचा अतिशय मोठा धोका असलेले, ठरले.

मुनियाचं वेगळं. ती फक्त भारतातच सापडते, माउंट अबूच्या आसपास आणि मध्य भारतात, उंच गवतात, उसात. तिला पिंजऱ्यासाठी पकडणं हा मोठा धोका. जंगली पाखरांची विक्री आपल्याकडे फार पूर्वीपासून बंद आहे, तरी चोरून चालते. लाल चोच, वरून हिरवी, खालून पिवळी आणि कुशीवर काळेपांढरे पट्टे, अशी मुनिया कोणी विकताना दिसली तर दया येऊन पण विकत घेऊ नका, एक विकली की तो दुसरी पकडून आणतो, सरळ वनखात्याला कळवा.

मुलीला प्रोजेक्टमध्ये कॅटेगरीच्या शेजारी ‘धोका कशाचा’ असा एक कॉलम नक्की करायला सांगा.