'रिमिक्स'ला पुनर्मिश्रण म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: जुनी हिपहॉप गाणी इलेक्ट्रॉनिक रूपात पुन्हा गाजतात, त्या रूपाला 'रिमिक्स'ऐवजी 'पुनर्मिश्रण' म्हटलं तर चालेल का?

व्याकरणाला चालेल. अर्थही नेमका आहे. स्टुडिओत प्रत्येक वाद्य आणि गळा वेगवेगळ्या ट्रॅकवर टिपतात आणि मग त्यांचं प्रमाण जुळवून एक गाणं करतात, ते मिक्सिंग. तेच ट्रॅक पुन्हा सोडवून नव्यानं जुळवणं म्हणजे रिमिक्स. तरी 'पुनर्मिश्रण' ऐकलं की मला सिमेंट आठवतं.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे 'रिमिक्स' या शब्दाचा अर्थ सरकलाय. २००२ साली 'कांटा लगा' गाजलं, तेव्हा सगळे त्याला रिमिक्स म्हणाले. पण १९७२च्या 'समाधी'तला लताबाईंचा आवाज त्यात नव्हताच. गाणं दुसऱ्या गळ्यातून पुन्हा गाऊन घेतलं होतं. चाल जुनी, गळा नवा. काटेकोर बोलायचं तर ते कव्हर.

हिपहॉपमध्ये नेमकं उलटं. रन-डीएमसी हा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला रॅप गट, म्हणजे ठेक्यावर लयीत बोल म्हणणारा; त्यात बोलणारे दोघे. त्यांचं 'इट्स लाइक दॅट' १९८३चं. डीजे जेसन नेव्हिन्सनं त्याखाली हाउस संगीताचा सलग धडधडता ठोका घातला आणि १९९८च्या मार्चमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन सहा आठवडे बसलं. स्पाइस गर्ल्सचं 'स्टॉप' त्यामुळेच दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. पण बोलणारे तेच दोघे, पंधरा वर्षांपूर्वीचे! अलीकडचं उदाहरण अमेरिकी रॅपर-गायक सेंट जॉनच्या २०१६च्या 'रोझेस'चं. मुळात त्याची फारशी दखल कुणी घेतली नव्हती. २०१९मध्ये कझाकस्तानचा डीजे इमानबेक यानं आवाजाची पट्टी चढवून नवा ठोका दिला आणि ते जगभर वाजलं. पुढे त्या रिमिक्सला ग्रॅमीही मिळालं. पट्टी बदलली, गळा सेंट जॉनचाच.

हे रॅपला विशेष मानवतं, कारण त्यात सुरांपेक्षा बोलांची लय मोठी. खालचं संगीत बदललं तरी सूर भांडत नाहीत. भावगीतावर हा प्रयोग करून बघा, म्हणजे कळेल!

नेव्हिन्सच्या त्या रेकॉर्डवर श्रेय 'रन-डीएमसी व्हर्सेस जेसन नेव्हिन्स' असं आहे. ते 'विरुद्ध' असं भाषांतरित करू नका, कोर्टातला खटला वाटेल.

मग मराठीत काय लिहावं? 'नव्या चालीत' तर मुळीच नाही, चाल बदललेलीच नसते. 'तालपालट'ही नको, चार मात्रांचा हिशोब बहुधा तोच राहतो. 'खांदेपालट'च्या धर्तीवर 'ठेकापालट' सुचला होता, पण नगरपालिकेनं कचऱ्याचा कंत्राटदार बदलला असं वाटायचं. मी 'रिमिक्स'च लिहीन, आणि पहिल्या उल्लेखात 'गळा जुना, ठेका नवा' एवढं जोडीन. 'कांटा लगा'साठी मात्र 'पुन्हा गायलेलं'.